जुन्याची साथ केव्हा सोडावी?

जुने टाकून नवे स्वीकारणे हा केवळ सोयीचा प्रश्न नाही; तो न्यायाचाही आहे. जुन्यावर विसंबून असलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे पाहिल्यावाचून त्या कृतीचा नैतिक निवाडा करता येत नाही.

लिनक्स ही जगभरच्या अनेकांनी मिळून घडविलेली, मोफत मिळणारी संगणकप्रणाली. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ती ३८६ जातीच्या संगणकावर लिहिली. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच प्रणालीच्या गाभ्यातून ३८६चा आधार काढण्यात आला. ज्या पाळण्यात बाळ वाढले तो पाळणाच अडगळीत गेला! ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन या लिनक्स-परिवारातील प्रकल्पाने ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर आपली नवी आवृत्ती बसविण्याची सोय बंद केली. याला कृतघ्नता म्हणावे काय? घाईने म्हणू नये. प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी वेगळी तपासणी व दुरुस्ती करावी लागते, आणि डेबियनचे हे काम करणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. दुसऱ्याच्या विनावेतन श्रमांवर अमर्याद हक्क सांगणे हाही अन्यायच.

आपल्या लोणावळ्याच्या घाटानेही असा पालट पाहिला आहे. १९२९ पासून बोरघाटातून गाड्या १५०० व्होल्टच्या डीसी विद्युतप्रवाहावर धावू लागल्या. त्याला जाड तारा व जवळजवळची उपकेंद्रे लागत. म्हणून २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह किफायतशीर ठरला. तथापि जुना प्रवाह एका रात्रीत तोडला गेला नाही. दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने व लोकल गाड्या आधी आल्या, मार्ग टप्प्याटप्प्याने बदलत गेला, आणि मुंबईतील मुख्य मार्गाचे काम जून २०१५ मध्ये पुरे झाले. मावळातून ये-जा करणाऱ्या प्रवाशाला त्यासाठी पदरमोड करून नवे यंत्र घ्यावे लागले नाही.

संगणकाचे तसे नाही. तेथे आधार सुटला की नव्या यंत्राचा खर्च वापरणाऱ्यावर पडतो. आणि जुने यंत्र बहुधा त्याच्याच घरी असते, ज्याला नवे परवडत नाही. म्हणून कर्तव्याची वाटणी व्हावी. प्रणाली सांभाळणाऱ्यांनी पूर्वसूचना द्यावी, जुन्या आवृत्तीला काही काळ दुरुस्त्या पुरवाव्यात आणि मुदत स्पष्ट सांगावी. उरलेला भार ज्यांना झेपतो त्यांनी उचलावा. नवा संगणक घेताना आपला चालता संगणक भंगारात न देता तो शेजारच्या शाळेला किंवा एखाद्या गरजू विद्यार्थ्याला दिला, तर त्या दूरच्या स्वयंसेवकाने जेथे हात टेकले, तेथून पुढचे काम आपण केले असे होईल.