अवयव बदलतो तेव्हा अवयवीचे काय होते?

वस्तूचा एखादा भाग काढून त्या जागी दुसरा बसवला असता ती वस्तू तीच राहते की नवी होते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी अवयव आणि अवयवी यांच्या संबंधाचा प्रश्न म्हणून मांडला आहे. अवयव म्हणजे घटक भाग आणि अवयवी म्हणजे त्या भागांनी घडलेली एक वस्तू. प्राचीन चर्चेतील उदाहरणे वस्त्र, घट आणि रथ यांची आहेत. अमेरिकेत मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या चाकांवरच्या घरातील, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरमधील, पॉवर कन्व्हर्टर बदलण्याचे काम या उदाहरणांच्या जोडीला ठेवण्यासारखे आहे, कारण इथे बदलला जाणारा भाग वस्त्रातील धाग्यासारखा निष्क्रिय नसून इतर अनेक भागांचे काम त्याच्यावर अवलंबून असते.

ट्रेलर मुक्कामाच्या जागी बाहेरच्या विजेला जोडला की त्याला १२० व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह मिळतो. परंतु आतले दिवे, पाण्याचा पंप आणि भट्टीचा पंखा हे १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. पहिल्या प्रवाहाचे दुसऱ्यात रूपांतर करणे आणि त्याच वेळी बॅटरी भारित ठेवणे हे कन्व्हर्टरचे काम होय. प्रवासात ट्रेलर गाडीपासून अचानक सुटला तर त्याचे विद्युत ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणाही सहसा याच बॅटरीवर विसंबते, म्हणून कन्व्हर्टर निकामी होणे ही केवळ दिवे मंद होण्याची बाब राहत नाही.

न्याय-वैशेषिक मताप्रमाणे अवयवी हा अवयवांच्या बेरजेहून वेगळा पदार्थ असून तो अवयवांत समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहतो. एक भाग धरून ओढला की संपूर्ण वस्तू ओढली जाते, ही अवयवीच्या सिद्धीसाठी न्यायसूत्रांनी दिलेली एक युक्ती आहे, आणि केवळ जोडाच्या आधारे हजारो किलोंचे घर गाडीमागे चालते तेव्हा तिचे बळ डोळ्यांना दिसते. मात्र या मताचा परिणाम कठोर आहे: एक धागा निघाला तरी पूर्वीचे वस्त्र नष्ट होऊन दुसरे वस्त्र उत्पन्न होते, आणि ‘तेच हे वस्त्र’ अशी जी ओळख, म्हणजे प्रत्यभिज्ञा, होते ती दोन्ही वस्तूंच्या सजातीयतेमुळे होते. या न्यायाने कन्व्हर्टर काढताक्षणी जुना ट्रेलर संपला असे म्हणावे लागेल, जरी अमेरिकी कायदा त्याला त्याच्या १७ अक्षरांकांच्या ओळखक्रमांकावरून तोच मानत राहतो.

बौद्ध विचार दुसऱ्या टोकाला जातो. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाचा आस, चाके, सांगाडा यांपैकी कोणताही भाग रथ नाही हे मान्य करायला लावतो आणि भागांच्या आश्रयाने केलेला व्यवहारापुरता निर्देश म्हणजेच रथ, या निष्कर्षाला पोहोचतो. जैन दर्शन द्रव्याचे ध्रुवत्व आणि पर्यायांचा, म्हणजे अवस्थांचा, उत्पाद व व्यय एकाच वेळी मान्य करून दोन्ही टोके टाळते. तथापि ट्रेलरच्या बाबतीत नेमके काय ध्रुव राहिले, हे त्या सामान्य सिद्धांतावरून कळत नाही. ते शोधण्यासाठी दुरुस्तीच्या कामाकडेच वळावे लागते.

जुन्या घडणीचे अनेक कन्व्हर्टर बॅटरीला एकाच स्थिर विद्युतदाबाने भारित करत. ट्रेलर महिनोन्महिने विजेला जोडलेला राहिला की त्या दाबाने शिसे-आम्ल बॅटरीतील पाणी घटत जाई आणि तिचे पत्रे उघडे पडत. नंतरचे कन्व्हर्टर टप्प्याटप्प्याने दाब बदलतात: रिकाम्या बॅटरीला सुमारे १४.४ व्होल्ट, नंतर १३.६ आणि दीर्घ विश्रांतीच्या काळात १३.२ व्होल्टच्या आसपास. शिसे-आम्ल बॅटरीच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली असेल, तर तिला पूर्ण व वेळेत भरण्यासाठी साधारण १४.४ ते १४.६ व्होल्ट लागतात आणि जुन्याची तंतोतंत प्रतिकृती तिथे अपुरी पडते. अधिक अँपिअरचा कन्व्हर्टर घ्यायचा तर बॅटरीकडे जाणारी तार आणि फ्यूज तो प्रवाह पेलू शकतात का, हेही आधी पाहावे लागते. सुटा भाग जसाच्या तसा बदलणे असे इथे काही नसते. कोणता भाग योग्य, हे इतर सर्व भागांच्या गरजा मिळून ठरवतात.

तारांच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. प्रत्यावर्ती बाजूला काळी तार जिवंत आणि पांढरी तार न्यूट्रल असते, तर अनेक ट्रेलरांत एकदिश बाजूला पांढरी तार ऋण टोकाची आणि काळी धन टोकाची असते. म्हणून बाहेरची वीज तोडून, बॅटरीचे ऋण टोक सोडवून आणि प्रत्येक तारेवर खूण करूनच काम करावे लागते. रंग तोच असूनही स्थानानुसार तारेचे कार्य बदलते, यावरून भागाचे स्वरूप त्याच्या संबंधांतून निश्चित होते असे म्हणता येते.

यातून मिळणारे उत्तर असे की यंत्राची एकता घटकद्रव्यात नसून परस्परांच्या गरजा भागवणाऱ्या कार्यांच्या व्यवस्थेत असते, आणि ही व्यवस्था केवळ नावापुरती नसते, कारण कोणता नवा भाग स्वीकारायचा व कोणता नाकारायचा हे ती प्रत्यक्ष ठरवते. उलट बाजूने पाहिले तरी हेच दिसते: एकही भाग न बदलता ट्रेलर कायमचा एका जागी रोवून त्याचे दुकान केले, तर द्रव्य सगळे तेच असूनही ते चाकांवरचे घर राहिले नाही. म्हणून भागाचे सारखेपण हे वस्तूच्या सारखेपणाचे कारण ठरत नाही. पुष्कळदा वस्तू तीच राहावी म्हणूनच भाग वेगळा निवडावा लागतो.

धर्मविचारात या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. कलिवर्ज्य प्रकरणात धर्मशास्त्रकारांनी नियोगासारखे (अपत्यहीन स्त्रीने नेमून दिलेल्या पुरुषापासून संतती मिळवणे), पूर्वी शास्त्रसंमत असलेले आचार कलियुगात वर्ज्य ठरवले, पण त्यांचा उल्लेख करणारे ग्रंथ अप्रमाण मानले नाहीत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. आचार हा धर्माचा अवयव मानला, तर त्याचे जुने असणे हे तो टिकवण्याचे पुरेसे कारण नाही आणि नवे असणे हे स्वीकारण्याचेही नाही. ज्यांच्या जीवनाला तो आधार देतो त्यांना तो आज आधार देतो की हळूहळू शोषून घेतो, हे तपासावे लागते, आणि ही तपासणी टाळून केवळ पूर्वीचे रूप राखणाऱ्याने परंपरा राखली असे म्हणता येत नाही. परंपरेचे सातत्य हे ती चालवणाऱ्यांनी प्रत्येक पिढीत विवेकाने पार पाडायचे काम आहे.