शनिवारी घाणा बंद



मुलाने कोणता व्यवसाय धरावा, हा प्रश्न आपल्या घराघरांतून चर्चिला जातो. वडीलमंडळी पगार पाहतात, मुले आवड सांगतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु आपल्या पूर्वजांपाशी ह्याहून निराळे एक माप होते, आणि अमेरिकेतील रेडमंडसारख्या गावी त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

कोकणातील खेड्यांतून आपले लोक तेलाचे घाणे चालवीत. तेली इतरही होते; पण आपल्यांस गावाने ‘शनवार तेली’ म्हटले, कारण शब्बाथच्या दिवशी आपला घाणा बंद असे. ह्या नावात धंदा आहे, तशी धंद्याची सीमाही आहे. तेल गाळण्याची आवड आहे काय, असे त्यांना कोणी विचारले नसेल. पोटासाठी तो धंदा होता. मात्र सहा दिवस त्याचे, सातवा त्याचा नाही, हे ठरलेले होते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ते ठाऊक होते.

मुंबईस आल्यावर हे सर्वांना साधले नाही. घाणा स्वतःचा होता, कचेरी साहेबाची होती, आणि शनिवारी निदान अर्धा दिवस तरी हजेरी लागे. जे गेले त्यांस दोष द्यावा असे मला वाटत नाही. एका मिळकतीवर खाणारी तोंडे मोजली म्हणजे बोलणे आवरते घ्यावे लागते.

आवडीचे म्हणाल, तर आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर ह्यांनी वकिलीची पदवी घेतली आणि पुढे ते नट झाले. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील त्यांचा जॉन चाचा कोण विसरेल? पण असे धाडस परवडणारा शंभरांत एखादाच. बाकीच्यांना साध्या नोकऱ्यांतूनच निवड करावयाची असते.

रेडमंड हे सिएटलच्या पूर्वेस, सरोवरापलीकडे आहे. १९८६ साली मायक्रोसॉफ्टने आपले मुख्य ठाणे तेथे हलविले, आणि संगणकाचे शिक्षण घेतलेल्या हिंदी तरुणांस ते नाव घरचे झाले. पगार उत्तम, काम बुद्धीचे, शनिवार-रविवार सुटी. मग अडचण कोठे? अडचण अशी की संगणकाच्या सेवा चोवीस तास चालतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी अभियंत्यांस आळीपाळीने आठवडाभर फोनवर हजर राहावे लागते. बिघाड शुक्रवारी सूर्यास्तानंतर झाला तरी फोन वाजावयाचाच. इस्राएलात वाढलेल्या मुलांस शनिवारची सुटी आयती मिळते. त्यांना हे नवे वाटेल.

त्यातून एच-वन-बी व्हिसावर आलेल्याचे पाय अधिकच बांधलेले. त्याचा मुक्काम मालकावर अवलंबून; नोकरी सुटली तर दुसरी मिळविण्यास अथवा गाशा गुंडाळण्यास फार तर साठ दिवस. अशा माणसाला “शनिवारी फोन घेणार नाही” हे म्हणणे सोपे नाही. तरीही ते नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी बोलावे, असे माझे मत आहे. सोबत्याचा रविवार आपण घ्यावा, आपला शनिवार त्याने घ्यावा, अशी अदलाबदल पुष्कळदा जमते. ती जेथे मुळीच जमत नाही, तेथे पगार कितीही असो, ती जागा आपल्या मुलासाठी योग्य आहे काय, हे घरात बसून बोलावे. पगाराच्या आकड्यावर आपण तासन्‌तास बोलतो, ह्यावर पाच मिनिटे नाही.

कायदा काही अंशी पाठीशी आहे. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने धर्मावरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी आहे. तरी १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शनिवार पाळणाऱ्या एका विमान कंपनीच्या कामगाराविरुद्ध निकाल दिला, आणि थोड्याशा गैरसोयीचे कारणही मालकास पुरू लागले. जून २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने रविवारी टपाल वाटण्यास नकार देणाऱ्या ग्रोफ नावाच्या ख्रिस्ती टपालवाल्याच्या खटल्यात ही पट्टी वर नेली: धंद्यास भरीव जादा खर्च सोसावा लागेल असे मालकाने दाखविले पाहिजे. मात्र त्या टपालवाल्याने २०१९ सालीच राजीनामा दिला होता.