कॅथलिक शाळा कुणासाठी?

जूनच्या मध्याला शाळा उघडतात. मुंबई-पुण्यातल्या नावाजलेल्या कॅथलिक शाळांत मूल घातलेल्या पालकांना कारण विचारले, तर इंग्रजी चांगले, शिस्त कडक, निकाल उत्तम, हीच उत्तरे मिळतात. ती खोटी नाहीत. पण या तीनही गोष्टी आज कोणतीही महागडी शाळा देते. तेवढ्यासाठी चर्चने शाळा चालवायची गरज नाही.

मग चर्च शाळा का चालवते? याचे उत्तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणावर काढलेल्या जाहीरनाम्यात आहे. गरीब, घरच्या मायेला पारखी झालेली आणि श्रद्धेचा आधार नसलेली मुले ही कॅथलिक शाळेची खास जबाबदारी आहे, असे तो बजावतो. कडक शिस्तीचा लौकिकही एकदा तपासून पाहावा. 1841 पासून तुरीन शहरातल्या भटक्या, कामकरी पोरांना जवळ करणाऱ्या डॉन बॉस्को या धर्मगुरूंनी शिक्षेऐवजी समजूत, श्रद्धा आणि जिव्हाळा या तीन गोष्टींवर शिक्षण उभे केले होते. त्यांचे नाव मिरवणाऱ्या शाळेची ओळख मुलांना वाटणारी भीती असेल, तर तिथे काहीतरी मुळातून चुकले आहे.

वसईत कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी शाळा, असे समीकरण पूर्वी नव्हते. इथला ख्रिस्ती माणूस घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलतो आणि देवळात मराठीतून प्रार्थना करतो. चर्चच्या सावलीत मराठी शाळा वाढल्या आणि केळीच्या बागांतली, भाजीच्या मळ्यांतली मुले त्यांत शिकली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या संत जोसेफ मराठी शाळेचे विद्यार्थी. पुढे ते वसईची हिरवाई वाचवण्यासाठीच्या ‘हरित वसई’ लढ्यात उतरले, त्यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. धर्मगुरू, लेखक आणि कार्यकर्ता एकाच माणसात नांदू शकतो, याची पायाभरणी अशा गावच्या शाळेत होते. परगावच्या बोर्डिंगात किंवा क्लासमध्ये ती होत नाही.

आज त्याच समाजाचे पालक मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पोटाची चिंता खरी असते आणि नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजीच विचारले जाते. पण मराठी तुकड्यांत आता मुख्यतः आदिवासी पाड्यांवरची आणि मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले उरली, की या शाळा म्हणजे ओझे, अशी कुजबुज सुरू होते. मला नेमके उलटे वाटते. ज्या वर्गात पाड्यावरची मुलगी पहिल्यांदा पाटीवर आपले नाव लिहिते, तोच वर्ग व्हॅटिकनच्या जाहीरनाम्याच्या सर्वांत जवळ आहे. तिथे चांगले शिक्षक नेमायला आणि पैसा ओतायला हवा. मिशनऱ्यांच्या कामाचा वारसा सांगणाऱ्यांनी तर आधी तिकडेच पाहावे.

कायद्याचा मुद्दाही टाळता येणार नाही. शिक्षणहक्क कायदा विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवायला लावतो. राज्यघटनेच्या 30 व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना दिलेला शाळा चालवण्याचा हक्क मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. हा हक्क मोलाचा आहे, तो जपलाच पाहिजे. सरकारने शाळेचा कारभार हाती घेऊ नये यासाठी ती ढाल आहे. मात्र शहरातल्या श्रीमंत कॅथलिक शाळेने त्याच ढालीआड मोलकरणीच्या मुलाला नाकारले, तर न्यायालयात ती जिंकेल, पण शुभवर्तमानासमोर तिला उभे राहता येणार नाही. ख्रिस्ताने बालकांना अडवू नका असे सांगितले, तेव्हा त्यांच्या आईबापांची मिळकत विचारली नव्हती.

म्हणून कॅथलिक व्यवस्थापनांना विनंती आहे की कायद्याने न मागितलेल्या त्या पाव जागा यंदा स्वतःहून द्या, फी माफ करा आणि त्या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवू नका. सधन पालकांनीही पहिल्याच पालकसभेत उठून मुख्याध्यापकांना विचारावे, की आपल्या शाळेत अशी किती मुले आहेत.