न वाचलेल्या ग्रंथांचे ऋण

एखाद्या ग्रंथाविषयी विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर ज्याने दिले, परंतु तो ग्रंथ ज्याने कधी उघडूनही पाहिलेला नाही, तो मनुष्य खरे बोलला की खोटे? वरवर पाहता हा प्रश्न पोरखेळासारखा वाटेल. उत्तर अचूक आहे, म्हणजे ते खरेच आहे. मग सांगणाऱ्याने ग्रंथ वाचला की नाही याची चौकशी कशाला? तथापि इतर व्यवहारात आपण असे मानीत नाही. न पाहिलेल्या घटनेची बिनचूक हकीकत कोणी सांगितली, तरी न्यायालय तिला सहसा साक्ष म्हणत नाही. ऐकीव माहिती खरी असू शकेल, परंतु साक्षीला पाहणारा डोळा लागतो. साहित्याच्या अभ्यासकाकडून समाज माहितीची अपेक्षा करतो की साक्षीची, हा खरा प्रश्न आहे. आणि इंग्रजी साहित्याच्या उच्च शिक्षणासाठी ज्या प्रवेशपरीक्षा आज घेतल्या जातात, त्यांच्या निमित्ताने तो आपल्या तरुणांपुढे दरवर्षी उभा राहतो.

या परीक्षांचे स्वरूप प्रथम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, जिला सर्वजण 'नेट' म्हणतात, १९८९ पासून चालू आहे. महाविद्यालयात शिकविण्याची पात्रता आणि संशोधनाची शिष्यवृत्ती यांसाठी ती होतीच; २०२४ मध्ये पीएच. डी. च्या प्रवेशासाठीही तिचे गुण ग्राह्य धरण्याचे आयोगाने ठरविले. दोन पत्रिका मिळून १५० प्रश्न आणि वेळ ३ तास, म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद. चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. त्यामुळे 'मला ठाऊक नाही' असे मनाशी कबूल करून जागा कोरी सोडणारा प्रामाणिक विद्यार्थी केवळ तोट्यातच राहतो. ग्रंथांची कालानुक्रमे मांडणी करा, ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या जोड्या लावा, अशा धर्तीचे अनेक प्रश्न असतात. रिचर्डसनची 'क्लॅरिसा' १७४७-४८ मधील आणि फील्डिंगची 'टॉम जोन्स' १७४९ मधील, एवढे ज्याला पाठ आहे त्याचा क्रम चुकणार नाही. 'क्लॅरिसा' ही इंग्रजीतील अतिप्रदीर्घ कादंबऱ्यांपैकी एक आहे. पत्रांमागून पत्रे वाचीत त्या अभागी मुलीच्या मागोमाग शेवटपर्यंत गेलेला वाचक आणि केवळ सनावळी घोकलेला उमेदवार, या दोघांना येथे सारखेच गुण मिळतात. आणि वाचक सनांच्या बाबतीत विसराळू असेल, तर त्याला कमीच मिळतात.

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परिसरात अशी तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती मोठी विचित्र आहे. ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला, त्या शहरात त्याला ग्रंथांचा तुटवडा नाही. ग्रंथ कपाटात उभे असतात आणि त्याच्यापुढे मेजावर त्या ग्रंथांची यादी असते. त्याने यादी सोडून ग्रंथ हाती घ्यावा, तर परीक्षेचा दिवस थांबत नाही. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. दिवसाचे दहा-दहा तास तो राबत असतो. परंतु हे श्रम ग्रंथांच्या भोवती घातलेल्या प्रदक्षिणेचे आहेत. गाभाऱ्यात जाण्यास त्याला सवड नाही.

हे दुखणे नवे आहे असे मात्र कोणी समजू नये, आणि त्याची जुनी साक्ष बडोद्यातच मिळते. अरविंद घोष हे १८९० साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले होते. पुढे घोडेस्वारीच्या चाचणीस ते उपस्थित राहिले नाहीत आणि त्यांची निवड झाली नाही. १८९३ मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत आले आणि काही वर्षांनी बडोदे कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. त्या काळच्या त्यांच्या आठवणी पुढे पाँडिचेरीत त्यांच्या शिष्यांनी नोंदून ठेवल्या. आपण वर्गात जे बोलतो ते मुले शब्दशः उतरून घेतात आणि घोकतात, याचे त्यांना मोठे आश्चर्य वाटे. इंग्लंडात असे कधी घडले नसते, असे त्यांचे म्हणणे होते. एकदा सदीने लिहिलेले नेल्सनचे चरित्र शिकवीत असता मुलांनी तक्रार केली की, आपण सांगता ते पुस्तकाच्या टिपांशी जुळत नाही. त्यावर अरविंदबाबूंनी उत्तर दिले की, त्या टिपा मी वाचलेल्याच नाहीत आणि त्या बहुतेक टाकाऊच असतात. मुले मुंबईच्या प्राध्यापकांच्या टिपाही मिळवीत. त्यांतील कोणी परीक्षक असला तर विशेषच.

या आठवणीत विनोद आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे असे एक लक्षणही आहे. अरविंदबाबूंचे बोलणे टिपांशी जुळले नाही, याचे कारण त्यांनी पुस्तक वाचले होते. वाचणाऱ्याला मतभेदाचा अधिकार प्राप्त होतो, आणि न वाचणाऱ्याला तो कोणत्याही उपायाने मिळत नाही. ज्याने टीपच पाठ केली आहे त्याने टिपेशी भांडावे कशाच्या जोरावर? आजच्या परीक्षेत उत्तरांची सूची प्रथम तात्पुरती प्रसिद्ध होते आणि एका प्रश्नास २०० रुपये भरून तिला आव्हान देता येते, हे खरे. परंतु ते आव्हान सूचीतील चुकीस असते. 'या कादंबरीविषयी सर्वमान्य असलेले मत मला पटत नाही' असे म्हणण्यास चार पर्यायांत पाचवी जागा नाही.

येथवर वाचून काही वाचक म्हणतील, तर मग या परीक्षा मोडीतच काढाव्यात. परंतु दुसरी बाजूही तितकीच सबळ आहे. स्पर्धा-परीक्षा आली ती वशिल्याच्या जागी. कंपनी सरकारच्या संचालकांच्या मर्जीने वाटल्या जाणाऱ्या जागा १८५५ पासून परीक्षेने भरल्या जाऊ लागल्या, म्हणून तर पुढे आपल्या लोकांना त्यांत शिरकाव मिळाला. दाहोद, सावंतवाडी किंवा पेडणे येथून आलेल्या मुलाचे इंग्रजी उच्चार ऐकून मुलाखत घेणाऱ्याच्या कपाळावर आठी पडू शकते; संगणकाला कपाळ नाही. ज्या गोमंतकात १९६१ पर्यंत शिकल्यासवरल्यांची प्रतिष्ठा पोर्तुगीजवर अवलंबून होती, तेथील कित्येक घरांत इंग्रजी साहित्य शिकणारी ही पहिली-दुसरीच पिढी असेल. घरी पुस्तकांची कपाटे नसलेल्या अशा मुलांना यादी हाच एक दरवाजा असतो. अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठी इंग्रजी साहित्याची जी स्वतंत्र जी. आर. ई. परीक्षा होती, तीत सुमारे २३० प्रश्न २ तास ५० मिनिटांत सोडवावे लागत. २०२१ मध्ये ती बंद झाली. तिच्या मागे शिफारसपत्रे आणि लेखनाचे नमुने उरले. परंतु उत्तम शिफारसपत्र मिळण्यासाठीही आधी उत्तम महाविद्यालयात असावे लागते! तेव्हा परीक्षा गेली म्हणजे न्याय आला, असे होत नाही.

मग दोष कोठे आहे? पाठांतरात तो निश्चित नाही. आपल्या देशात पाठांतराची परंपरा फार थोर आहे. वेदपाठी ब्राह्मणाला ऋचेचा अर्थ कदाचित सांगता येत नसे. परंतु ऋचा त्याच्यापाशी पूर्ण होती. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला छंदःशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु ओवी तिची होती, आणि तीत स्वतःची एक ओळ घालण्याचा अधिकारही तिचा होता. त्यांनी ग्रंथच कंठात धारण केला होता. आजचा उमेदवार ग्रंथाविषयीची माहिती कंठात धारण करतो. पहिल्या ठिकाणी अर्थ उशिरा का होईना उगवू शकतो, कारण बीज पेरलेले आहे. दुसऱ्या ठिकाणी हाती असते ती बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे शिष्य म्हणून जातो. सनत्कुमार त्याला म्हणतात, तुला काय काय येते ते आधी सांग. त्यापुढचे मी सांगेन. एका अर्थी ही प्रवेशपरीक्षाच होय. नारद चार वेद, इतिहास-पुराणे, व्याकरण, गणित अशी भली मोठी यादी देतो आणि आपण होऊनच म्हणतो, भगवन्, मी केवळ मंत्र जाणणारा आहे, आत्मा जाणणारा नाही. सनत्कुमार उत्तरतात, तू जे शिकलास ते सारे नामच आहे. परंतु एवढ्यावर ते नारदाला परत पाठवीत नाहीत, नामाचा धिक्कारही करीत नाहीत. नामाची उपासना कर असे सांगून, नामाहून वाणी मोठी, वाणीहून मन मोठे, अशा पायऱ्यांनी ते त्याला वर नेतात.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला या संवादात दिसते. यादी म्हणजे नाम. ती पहिली पायरी आहे आणि पायरीवर पाय ठेवण्यात पाप नाही. न वाचलेल्या ग्रंथाविषयी परीक्षेत अचूक उत्तर देणारा खोटे बोलत नाही, कारण परीक्षकाने त्याच्याकडे साक्ष मागितलेलीच नसते. नाम मागितले, त्याने नाम दिले. असत्य आरंभ होते ते निकालानंतर, ज्या दिवशी तो त्या गुणांच्या बळावर वर्गात उभा राहतो आणि नामालाच ज्ञान म्हणून पुढे देतो. कारण ही परीक्षा विशेषतः शिक्षक निवडणारी आहे. यादीवरून उत्तीर्ण झालेल्याच्या टिपा त्याचे विद्यार्थी उतरून घेतील, त्यांतील काही पुढे परीक्षक होतील, आणि 'क्लॅरिसा' कोणीही न वाचता तिच्याविषयी तीन पिढ्या अचूक बोलत राहतील. हे एकट्या माणसाचे असत्य नसते. कोणीही खोटे न बोलता साऱ्या समाजाचे मिळून ते तयार होते, म्हणूनच ते अधिक भयंकर आहे.

तेव्हा प्रत्येक अचूक उत्तराबरोबर उमेदवार एक ऋण डोक्यावर घेतो, असे मी समजतो. सावकार कोर्टात जाणार नाही. न वाचलेला ग्रंथ कपाटात मुकाट्याने उभा राहील. म्हणून हा हिशेब ज्याचा त्यानेच ठेवला पाहिजे. परीक्षेच्या धामधुमीतही एखादा ग्रंथ गुणांचा विचार न करता अथपासून इतिपर्यंत वाचावा. त्याच्याविषयी रूढ मत काय आहे ते नंतर पाहावे. आणि आपले मत वेगळे पडले तर त्याची लाज न बाळगता कारण शोधावे. उरलेल्या ग्रंथांविषयी, 'हे मी अजून वाचलेले नाही' असे पुढे विद्यार्थ्यांसमोर सांगण्याचे धैर्य ठेवावे. प्राध्यापकाच्या तोंडून हे वाक्य ऐकणाऱ्या मुलाला वाचन म्हणजे काय याचा पहिला धडा मिळतो.

ज्यांनी हे ऋण पूर्णपणे फेडले अशी माणसे दुर्मिळ नाहीत. सयाजीराव विद्यापीठाचे ग्रंथालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या हंसाबेन मेहता, या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू, यांनी गलिव्हरचा प्रवास आणि शेक्सपिअरची काही नाटके गुजरातीत आणली. इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' मराठीत उभा केला. १९३८ साली बडोद्यातच जन्मलेल्या दिलीप चित्र्यांनी उलट वाटेने जाऊन तुकोबांना इंग्रजीत नेले. अनुवादकाला एकही ओळ गाळता येत नाही आणि चार पर्यायही कोणी देत नाही. दर शब्दाला त्याला स्वतःच साक्ष द्यावी लागते. सर्वांनी अनुवादक व्हावे असे नव्हे. परंतु परभाषेतील ज्या ग्रंथाचे एक पान आपल्या आईला, तिच्या मराठीत अथवा कोंकणीत, समजावून सांगता येईल, तेवढा ग्रंथ आपण वाचला असे समजण्यास हरकत नाही. त्या परीक्षेला ७२ सेकंदांचे बंधन नाही, आणि तिचा निकाल ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तत्काळ दिसतो.