भाग म्हणजे कोण?

पडलेला भाग सरकारी पैशानं उभा करायचा, असं कुणी म्हणालं की मी एकच विचारतो. भाग म्हणजे काय? जमीन की माणूस?

गिरणगावच घ्या. 18 जानेवारी 1982 ला संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, अन् भोंगे बसले ते बसलेच. 1983 मध्ये सरकारनं तेरा गिरण्यांचा कारभार हातात घेतला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या म्हणजे शेवटी लोकांच्याच. 2005 मध्ये त्यातल्या काहींची जमीन विकली, एकटी मुंबई टेक्सटाइल 702 कोटींना. या पैशातून कामगारांची देणी भागवायची, उरलेल्या गिरण्या सुधारायच्या. योजना कागदावर वाईट नव्हती.

पण देणी मोजतात कशी? पगार गुणिले नोकरीची वर्षं. इथंच माझं डोकं अडकतं. आमचा आजा रिंगखात्यात, बाप रिंगखात्यात. साचेखात्यात पगार जास्त. पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, अन् महाराच्या थुंकीनं बाकीचे कामगार बाटायचे! संपात खांद्याला खांदा, धाग्याला मात्र विटाळ. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. पुढं बंदी ढिली झाली म्हणा. पण आज्याची ओळख आपल्याच खात्यात, तिथंच त्यानं पोराला चिकटवलं. म्हणजे आज्याचा विटाळ बापाच्या पगारात उतरला, अन् बापाचा पगार भरपाईत. नियमानं हिशेब पै न पै बरोबर होता. कुणी लबाडी केली नाही. म्हणूनच तो जास्त छळतो.

अन् आई? ती गावाकडच्या एकट्या गड्यांना दोन वेळचं जेवण घालायची. गिरणी बंद, चूल बंद. तिचं नाव कुठल्या मस्टरवर? म्हाडाची घरंसुद्धा 1 जानेवारी 1982 ला पटावर असलेल्यांना.

आता आपल्याकडं बघू. इंदू मिलची जमीनही महामंडळाचीच. 6 डिसेंबर 2011 ला कार्यकर्ते आत घुसले तेव्हा मीही त्यांच्यात होतो. जमीन मिळाली, 2015 मध्ये बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन झालं. मी नाचलो. ती मागणी आजही मला पटते. पण त्या दिवसांत रिंगखात्यातल्या म्हाताऱ्यांची, डबेवाल्या बायांची यादी आपल्यापैकी कुणी केली होती? मी तरी नाही.

परवा बैठकीत हे बोललो तर एक पोरगा उसळून म्हणाला, "दादा, स्मारकाच्या आड येऊ नका." मी त्याला विचारलं, तुझी आजी काय करायची रे? म्हणाला, कांडीखात्यात होती बहुतेक. विचारून सांगतो.