मधल्या घरातली माणसं

पुण्याचं पोरगं दिवाळीला गावी आलं होतं. फ्लॅटच्या हप्त्याचं बोलता बोलता म्हणालं, "अण्णा, आपण पडलो मिडल क्लास. आपल्याला ना सवलत, ना चैन." मी हूं म्हटलं. पण मनात आलं, आपण मधले म्हणजे नक्की कुणाच्या मधले?

सरकारनं १९९९ साली तीन रंगांची रेशन कार्डं काढली. वर्षाला १५ हजारांपर्यंत कमाई असेल तर पिवळं, लाखाच्या वर पांढरं, मधल्यांना केशरी. आमचं केशरी. पण मधलं असणं म्हणजे काय, हे मला कार्डानं नाही, १९७२च्या दुष्काळानं शिकवलं.

तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा. १२ एकर कोरडवाहू रान, विहीर ठणठणीत, कणगीचा तळ दिसलेला. ज्यांना रान नव्हतं ते सरकारी कामावर खडी फोडायला गेले. थोरल्या वाड्यात पेवं भरलेली, त्यांना जायची गरज नव्हती. राहिलो आम्ही. वाड्यावर मागायला तोंड होईना, खडीवर जायला पाय उचलेना. बाप म्हणायचा, "१२ एकराचा धनी खडी फोडतो म्हणल्यावर लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणायच्या आतच रेशनचा लाल मिलो आणायलासुद्धा घरात पैसा उरला नाही.

शेवटी एका पहाटे आई निघाली. गावच्या कामावर नाही, दोन कोसांवरच्या दुसऱ्या रस्त्यावर, तोंडावर पदर ओढून. आमच्या रानात खुरपायला येणारी मावशी नेमकी तिथंच होती. ती हसली नाही. सरकून जागा दिली, हातोडी कशी धरायची ते दाखवलं, आईच्या बोटाला चिंधी बांधली. "वैनी, दगूड बी नवा हात वळखतो," एवढंच बोलली. सुट्टी झाल्यावर स्वतःच्या वाट्याची सुकडी तिनं आईच्या पदरात घातली. ती मी खाल्ली. आणि गावात तिनं कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

पुढं पाऊस झाला, रान पिकलं. मावशी पुन्हा खुरपायला येऊ लागली आणि तिचा कान तुटलेला कप पुन्हा वळचणीला गेला. दर सुगीला आई तिला पायलीभर ज्वारी जास्त घालायची. बाप त्याला दान म्हणायचा. आई म्हणायची, "दान कशाचं? फेड हाय ती." पण तो कप घरात घ्यावा, हे तिला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर रोज शाळेत प्रतिज्ञा म्हणत होतो.

किती कमाईला मध्यम म्हणायचं, ते मला सांगता येत नाही. खाली पडायचं भय आणि वर चढायची आशा ज्याच्या घरात एकाच चुलीवर शिजते, तो मधला. पडलो तेव्हा जागा खालच्यानं दिली. सावरलो तशी वागणूक मात्र वाड्याची उचलली.

मागल्या महिन्यात पोराकडं गेलो होतो. ओट्याच्या कोपऱ्यात एक कप वेगळा ठेवलेला दिसला. सकाळी मी त्यातच चहा मागितला.

सूनबाई म्हणाली, "अण्णा, तो नको, तो कामवाल्या बाईंचा आहे."

"ठाऊक आहे," म्हटलं. "त्यातच दे."