रात्र कोणाच्या मालकीची?

इंग्लंडमध्ये एखाद्या जागेला दारू विकण्याची वेळ वाढवून हवी असेल, तर तशा अर्जाची जाहीर सूचना फिकट निळ्या कागदावर छापून इमारतीच्या दर्शनी भागी २८ दिवस लावून ठेवावी लागते. मुलीकडे राहावयास गेलो असताना तिच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या समाजमंदिराच्या फाटकावर असा एक निळा कागद लागला. शुक्रवारी व शनिवारी रात्री अकराऐवजी एक वाजेपर्यंत बार चालू ठेवण्याची परवानगी मिळावी, एवढीच मागणी होती. दोन तासांची गोष्ट! पण त्या दोन तासांवरून गल्लीत जी बोलणी सुरू झाली, त्यांत नीतिशास्त्रातले निम्मे जुने प्रश्न येऊन गेले. पेन्शनीत निघालेल्या माणसाला परदेशात याहून चांगली करमणूक कोठली मिळणार?

समाजमंदिर आणि बार हे दोन शब्द एका वाक्यात आलेले पाहून आपल्या वाचकांच्या भुवया वर जातील, हे मी जाणतो. माझ्याही गेल्या होत्या. परंतु तिकडे त्यात वावगे काही नाही. असल्या पुष्कळ इमारती पहिल्या महायुद्धानंतर, रणांगणावरून परत न आलेल्या मुलांच्या स्मरणार्थ, गावोगावी वर्गणीतून उभ्या राहिल्या. आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात सकाळी रांगती मुले येतात, दुपारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची पंगत बसते, संध्याकाळी कोणी योगासने शिकवतो. यांतले काहीही स्वतःचा खर्च भागवीत नाही. तो भागवतो बार. लग्नाच्या, वाढदिवसाच्या मेजवान्यांत जी दारू खपते, तिच्या नफ्यावर हिवाळ्यातली ऊब विकत घेतली जाते. यंदा छप्पर गळू लागले होते आणि मेजवान्या देणारी मंडळी उशिरापर्यंत चालणाऱ्या हॉटेलांकडे वळू लागली होती. म्हणून हा अर्ज. म्हणजे रात्री साडेबारा वाजता कोणी तरी रिचवलेल्या पेल्यावर दुपारचे एका आजीबाईंचे गरम सूप अवलंबून! नीतीची अशी गाठ पडली की केवळ दारूला नावे ठेवून ती सुटत नाही.

आणि तेथला कायदा तर नावे ठेवूच देत नाही. २००३ साली झालेल्या आणि २००५ च्या नोव्हेंबरपासून अंमलात आलेल्या परवाना-कायद्याप्रमाणे हरकत घेणाऱ्याला चारच मुद्द्यांवर बोलता येते: गुन्हे व दंगा, सार्वजनिक सुरक्षितता, लोकांना होणारा उपद्रव, आणि मुलांचे रक्षण. दारूने प्रकृती बिघडते, संसार मोडतात, असे कोणी लिहून दिले तर ते गैरलागू ठरते. (स्कॉटलंडच्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य हा पाचवा मुद्दा आहे, सीमा ओलांडली की तोच युक्तिवाद ग्राह्य होतो.) आपल्याकडची रीत उलटी. महाराष्ट्रात गावातल्या वा वॉर्डातल्या बायका मागणी करून मतदान घडवून आणू शकतात; मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात, आणि आडवीला पुरेशी मते पडली की दुकानाला कुलूप लागते. आपण विचारतो, दारू असावी की नसावी. ते विचारतात, असली तर किती वाजेपर्यंत. पहिला प्रश्न मोठा खरा, पण दुसरा क्षुल्लक आहे असे मात्र मला वाटत नाही.

आगरकरांच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानले त्या मिल्लनेही हा प्रश्न हाताळला आहे. १८५९ साली निघालेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात तो दारूबंदीच्या चळवळीला कडाडून विरोध करतो. मात्र दुकाने कधी उघडावी नि कधी मिटावी हे ठरविण्याचा अधिकार तो सरकारला देऊन ठेवतो. पुढे १९१५ पासून तो अधिकार सरकारने असा काही वापरला की महायुद्धासाठी दारूगोळा हवा म्हणून दारू आवरली गेली. कारखान्यांच्या टापूत पब दिवसाला साडेपाच तासांवर आले. युद्ध संपले, पण दुपारी पब बंद ठेवण्याची तेव्हाची सक्ती १९८८ पर्यंत टिकली! सरकारी नियमाचे आयुष्य असे असते.

आता गल्लीत परततो. हरकत घेणारी घरे बारा. त्यांतल्या एका घरी इस्पितळात काम करणारी परिचारिका राहते. तिला शनिवारी पहाटे पाच वाजता उठावे लागते. ती माझ्या मुलीला म्हणाली, "गाण्याची मला अडचण नाही. खिडक्या लावल्या की गाणे आतच राहते. मला जाग येते ती लोक घरी जायला निघतात तेव्हा."

मला हे फार मार्मिक वाटले. फुटपाथवर निरोप घेतले जातात, एक विनोद पुन्हा सांगितला जातो, मोटारीची दारे आपटतात, कोणाची तरी शाल आत राहते आणि तिच्यासाठी हाका होतात. यांत गुन्हेगार कोण? कोणीच नव्हे. प्रत्येकाने दोन मिनिटे आवाज केला आणि तो आनंदात केला. असे दीडशे जण एकामागून एक निघाले, म्हणजे परिचारिकेची रात्र संपली. ज्या अपराधात अपराधी सापडत नाही, त्याचे काय करावयाचे हे आपल्या नीतीला अजून नीटसे उमगलेले नाही. आणि जो परवाना घेतो, त्याची सत्ता फाटकापर्यंत. रस्ता त्याचा नव्हे.

समितीचे चिटणीस हिशेबी गृहस्थ होते. ते म्हणत, "दीडशे लोकांचा आनंद एका पारड्यात घाला, बारा घरांची गैरसोय दुसऱ्यात घाला." हा हिशेब मला पटला नाही. दीडशे जण दर आठवड्याला निराळे असतात. बारा घरे तीच असतात. पाहुण्याला ती रात्र वर्षातून एकदा येते, शेजाऱ्याला ती वर्षाच्या बावन्न आठवड्यांत दोन-दोनदा येते. शिवाय चिटणिसांच्या तोंडी सारखा एक शब्द असे: समाजाची ही इच्छा आहे. आता, पबवाल्याने म्हटले की माझा धंदा आहे, तर त्याच्याशी धंद्याच्या भाषेत बोलता येते. समाजमंदिराला ती सोय नाही. ज्याच्या नावाने ते उभे आहे त्या समाजात ती बारा घरेही येतात. नव्हे, भिंतीला भिंत लागून असल्याने तीच अधिक येतात. त्यांना न विचारता त्यांच्याच नावाने अर्ज करणे, हे मला त्या दोन तासांपेक्षाही खटकले. अर्जाची बातमी परिचारिकेला निळ्या कागदावरून कळावी? चिटणीस तिच्या दारावरून रोज जातात!

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. मांडवातला कार्यकर्ताही "वर्षातून एकदाच तर आहे" असे म्हणतो, आणि ज्याच्या खिडकीला कर्णा बांधला आहे तो म्हातारा समाजाचा शत्रू ठरतो. आपल्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावयास सांगितले आहे. सणासुदीला बारापर्यंत सूट मिळते, पण वर्षातून फार तर १५ दिवस. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ही सूट मान्य केली. गंमत पाहा, इंग्लंडमध्येही कायमचा परवाना न वाढविता तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस देऊन एका जागेला वर्षातून १५ वेळा उशिरापर्यंत मेजवानी करता येते. त्या नोटिशीवर शेजाऱ्याला हरकत घेता येत नाही, तो हक्क फक्त पोलिसांचा आणि पालिकेच्या पर्यावरण-आरोग्य खात्याचा. तरीही मला पंधरा रात्रीच बऱ्या वाटतात. तारीख आधी कळली तर परिचारिका पाळी बदलून घेईल, कोणी बहिणीकडे राहावयास जाईल, कोणी स्वतःच मेजवानीला येईल. तारीख सांगून मागितलेली रात्र माणूस देऊ शकतो. प्रत्येक शनिवार मागितला की ते मागणे राहत नाही.

मी हे चिटणिसांना बोलून दाखविले. त्यांचे उत्तर सरळ होते. "पंधरा रात्रींत छप्पर होत नाही." खरे आहे. पण मग छप्पर कोणाचे, हे विचारावयास हवे. टेकडीपलीकडच्या घरांतली मुलेही तेथे रांगतात, तेथल्या आजीबाईही सूप पितात, आणि त्यांना रात्री स्वस्थ झोप लागते. साऱ्या गावाच्या छपराची किंमत बारा घरांनी आपल्या झोपेतून द्यावी, हा त्या अर्जाचा खरा अर्थ होता. तो कागदावर छापलेला नव्हता, आणि चिटणिसांच्या मनातही नव्हता. ते भले गृहस्थ आहेत, म्हाताऱ्यांची पंगत तेच वाढतात.

अर्जाची सुनावणी तीन नगरसेवकांपुढे झाली. परिचारिका रात्रपाळी करून तशीच आली होती. शुक्रवार नामंजूर झाला. शनिवारी बारापर्यंत परवानगी मिळाली, साडेअकराला संगीत बंद, खिडक्या मिटलेल्या, आणि निरोपाच्या वेळी फाटकाशी एक माणूस उभा करावा अशी अट पडली. कोणाही पक्षाला २१ दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे अपील करता येते. कोणी केले नाही. हा निकाल मला अर्धाच बरा वाटला, कारण शनिवार अजून वर्षभराचे राहिले. मी परतलो त्या आठवड्यात चिटणीस आणि परिचारिका मिळून वर्गणीच्या चिठ्ठ्या घडी करून पाकिटांत घालीत होते. त्या टेकडीपलीकडच्या घरांतही जाणार होत्या. मुलगी फोनवर सांगते की पहिल्या पंधरवड्यात पलीकडून सात आल्या.